नाना म्हणतात, आपल्या जमिनीत असगंध नाही होणार

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारी इंदूरची, वय ३६, अकाउंट्सची नोकरी. सासऱ्यांची (घरात सगळे त्यांना नाना म्हणतात, वय ७१) देपालपूरच्या बाजूला १४ बिघे जमीन, खरिपात सोयाबीन, मग गहू-हरभरा, दोनेक बिघ्यांत बटाटा नाहीतर लसूण. गेली काही वर्षं सोयाबीनमधून खर्च निघाला तरी नशीब, अशी परिस्थिती. एप्रिलमध्ये तिला मोबाइलवर अश्वगंधाच्या शेतीचे व्हिडिओ दिसले, तिनी नंबर दिला, दोन दिवसांत एका कंपनीचा माणूस घरी हजर. त्याचं म्हणणं, पाच एकर लावा, बियाणं-ट्रेनिंग-रजिस्ट्रेशन मिळून दीड लाख भरा, एकरी दहा क्विंटल मूळ निघेल, सगळा माल आम्हीच उचलू, बायबॅकचं ॲग्रीमेंट स्टँपपेपरवर. पैसे जुलैअखेर भरायचेत. तिच्या स्वतःच्या बचतीची दोन लाखांची एफडी आहे, ती मोडायची तयारी आहे. नाना मात्र "आपल्या जमिनीत नाही होणार" एवढं एकच वाक्य बोलतात आणि टीव्हीचा आवाज वाढवतात. नवरा म्हणतो, तुम्ही दोघं काय ते ठरवा. तिला वाटतं हेच मुलानी सुचवलं असतं तर नानांनी ऐकून घेतलं असतं. प्रश्न दोन आहेत, एफडी मोडू का, आणि नानांना कसं पटवू?

अगं, तुला अगं म्हणते हं, माझी धाकटी तुझ्याच वयाची आहे.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते कारण जुलै संपत आलाय. नको मोडूस. निदान या महिन्यात नको आणि त्या माणसाच्या तारखेसाठी तर मुळीच नको. आता निवांत बोलू.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना एक गोष्ट खटकली जी तू लिहिलेलीच नाहीस. आत्ता तुमच्या शेतात काय उभं आहे? जून संपतासंपता पेरलेलं सोयाबीन आता चांगलं हातभर झालं असेल ना? मग हे पाच एकर तू आणणार कुठून? असगंध (मंडीत कुणी अश्वगंधा म्हणत नाही, असगंधच म्हणतात, मीही तेच म्हणते) पेरतात ऑगस्टच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत, मोठा पाऊस ओसरायला लागला की. आणि मूळ खणायचं जानेवारी ते मार्च. पाच-सहा महिन्यांचं पीक आहे. म्हणजे सोयाबीन निघायच्या आधी हे पेरायचं आणि गहू शेतात उभा असायच्या दिवसांत हे काढायचं, दोन्ही हंगामांच्या मधोमध पाय पसरून बसलेलं पीक आहे हे. ९५-६० सारखं लवकर येणारं सोयाबीन असेल तर सप्टेंबरच्या शेवटी रान मोकळं होईल कदाचित, पण मग कापणी, मळणी, वखरणी करून पेरायला ऑक्टोबर उजाडतो, थंडी लवकर गाठते आणि मूळ बारीक राहतं. फार तर असं होऊ शकतं की पुढच्या वर्षी जूनच्या पहिल्या पावसावर मूग नाहीतर उडीद घ्यायचा आणि तो ऑगस्टअखेर काढून त्या जागी असगंध, तोही ऐन पावसात काढावा लागणार ही कटकट वेगळी.

हे तुला त्या माणसानी सांगितलं का? मला नाही वाटत. त्यानी हिशोब दाखवला असणार तो सोयाबीनचं एकरी उत्पन्न इकडे, असगंधचं तिकडे. तू अकाउंट्सवाली आहेस, तुला सांगायला नको, पण तुलना सोयाबीनशी नाही, सोयाबीन अधिक गहू या दोघांच्या बेरजेशी करायची आहे, कारण त्या रानातून दोन्ही जाणार. हा एक कॉलम शीटमध्ये टाक आणि मग परत बघ.

दुसरा कॉलम उताऱ्याचा. एकरी दहा क्विंटल हे ऐकून मला हसू आलं, मग जरा रागही आला. वाळलेलं मूळ एकरी दोन क्विंटल निघालं तर पीक ठीक आलं म्हणायचं, तीन निघालं तर छान आलं. दहा क्विंटल वाळलेलं मूळ कुठून येणार, आणि तो ओल्या मुळाचा आकडा सांगत असेल तर मंडीत ओलं मूळ कोण घेतं? वाळल्यावर वजन निम्म्याहूनही कमी होतं. त्यातूनही सगळं एका भावानी जात नाही, पण त्यावर पुढे येते.

तिसरा कॉलम बियाण्याचा, आणि इथे तर तू स्वतःच पकडायला हवं होतंस. शिंपडून पेरलं तर एकराला चार-पाच किलो बी लागतं, ओळीत पेरलं तर त्याहून कमी. पाच एकराला धर पंचवीस किलो. दीड लाखाला पंचवीसनी भाग. किलोला सहा हजार! ट्रेनिंग आणि रजिस्ट्रेशनचे अर्धे वजा केलेस तरी तीन हजार. असगंधमध्ये सगळ्यात स्वस्त काही असेल तर ते बी. मंदसौर-नीमचकडे हे पीक पिढ्यानपिढ्या होतं, तिथे शेतकरी पिकाबरोबर बीसुद्धा झोडपून काढतात आणि तेही मंडीत विकतात. ऑफिसमध्ये कुणी असं बिल लावलं असतं तर तू लाल शाई काढली असतीस ना, मग घरच्या बिलाला का नाही काढली? हे टोचून बोलत नाहीये, सगळ्यांचं होतं असं, औषधी म्हटलं की आपला हिशोबाचा मेंदू झोपतो आणि काहीतरी पवित्र प्रकरण आहे असं वाटायला लागतं.

मला हे माहीत आहे कारण आमच्या घरात झालंय. असगंध नाही, सफेद मुसळी, ताकदीच्या औषधांत घालतात तो कंद. वीस-बावीस वर्षांपूर्वी आपल्या भागात मुसळीचं वेड आलं होतं, तुझ्या नानांना विचार, त्यांना नक्की आठवत असेल. माझ्या मामाचं देवासजवळ शेत, त्यानी एका कंपनीकडून लावायचे कंद घेतले, किलोचा भाव ऐकून माझ्या आजीनी कपाळावर हात मारला होता. मुसळीत लागवडीचा कंदच महाग, आणि त्याच किलोनी लागणार क्विंटल-क्विंटल, म्हणजे पहिला फायदा विकणाऱ्याचाच. ॲग्रीमेंट होतं, स्टँपपेपर होता, बायबॅक होतं, सगळं होतं. मुसळी आलीसुद्धा चांगली! मग ती सोलायची. एकेक बोट हातानी सोलायचं, त्या हिवाळ्यात जो पाहुणा येईल त्याच्या हातात चहाबरोबर चाकू. ओली मुसळी सोलून वाळवली की पाचातला एक भाग उरतो. माल तयार झाला तेव्हा फोन लागेना, मग नंबर बदलला, मग ऑफिसच्या जागी मोबाइल रिचार्जचं दुकान. त्या कंपनीनी ज्यांना कंद विकले त्या सगळ्यांची मुसळी एकाच वेळी बाजारात आली आणि भाव बसला. मामीनी पुढची दोन वर्षं घरी येणाऱ्या प्रत्येकाला मुसळीचं दूध पाजलं, नको म्हणायची सोय नव्हती. आम्ही हसतो आता. मामा नाही हसायचा.

त्यामुळे बायबॅक हा शब्द आला की मी एकच बघते, हा माणूस पैसे कशातून कमावतोय, मला बी विकून की माझा माल पुढे विकून? बी विकून त्याचं भागत असेल तर माझं मूळ उचलायला तो मार्चमध्ये का येईल? खरा खरेदीदार बियाण्याचे पैसे आधी मागत नाही, मागितले तर मालाच्या बिलातून कापून घेतो. तरी ज्यांना खरंच एखाद्या औषधी कंपनीबरोबर करार करायचाय, आणि असे चांगले करारही असतात, त्यांनी कागदात एवढं शोधावं. भाव ठरलेला आकडा आहे की "बाजारभावाप्रमाणे" असं मोघम आहे. ग्रेड कोण ठरवणार, तुमच्या खळ्यावर की त्यांच्या गोदामात, कारण गोदामात गेलेला माल परत आणायला भाडं तुमचंच लागतं. ओलावा किती टक्के चालेल. लॅबमध्ये टेस्ट होणार असेल (विदॅनोलाइड नावाची द्रव्यं मोजतात, शिवाय जड धातू आणि कीटकनाशकांचे अंश) तर खर्च कुणाचा आणि नापास झाला तर माल कुणाचा. भांडण झालं तर कुठल्या शहरातल्या कोर्टात. आणि कुणी म्हणालं की आता कॉन्ट्रॅक्ट फार्मिंगचा केंद्राचा कायदा आहे तुम्हाला संरक्षण आहे, तर त्याला सांग की २०२० चा तो कायदा २०२१ मध्येच मागे घेतला गेला.

"ऑरगॅनिक एक्सपोर्ट" हेही तो बोललाय असं तू लिहिलंस. ऑरगॅनिकचं सर्टिफिकेट अर्ज केला की मिळत नाही, वर्षभराच्या पिकांना साधारण दोन वर्षांचा कन्व्हर्जनचा, म्हणजे रसायनं सोडून बदल होण्याचा, काळ असतो, तोवर तुमचा माल साधाच. एक्सपोर्टचं म्हणशील तर बाहेरचे देश आपापल्या मनानी चालतात, डेन्मार्कनी २०२३ मध्ये अश्वगंधावर बंदीच घातली. त्यानी आपला बाजार बुडत नाही, पण परदेशी मागणीच्या जोरावर पाच एकर लावायचं म्हणजे कुणाच्या तरी भरवशावर म्हैस घेण्यासारखं आहे. असंच पानांचं. व्हिडिओत सांगतात ना की पानंसुद्धा विकली जातात, तर आयुष मंत्रालयानी ऑक्टोबर २०२१ मध्येच सल्ला काढला होता की अश्वगंधाची पानं वापरू नका, मूळच वापरा. तेव्हा पानांचं उत्पन्न शीटमध्ये शून्य धर.

आता नाना.

तू म्हणतेस मुलानी सांगितलं असतं तर ऐकलं असतं. असेलही. मी तुमच्या बैठकीत बसलेली नाही, आणि सुनेनी शेतातलं बोललं की टीव्हीचा आवाज वाढतो हे काही नवीन नाही, मी स्वतः बघितलंय. पण तू त्या वाक्याला नकार समजतेस आणि मला वाटतं ते वाक्य चक्क माहिती आहे. "आपल्या जमिनीत नाही होणार." जमिनीत, म्हणाले. तुझ्याकडून नाही होणार असं नाही म्हणाले, इतक्या पैशात नाही असंही नाही. पन्नास वर्षं एका रानात चालल्यावर माणूस कारणं सांगत नाही, निकाल सांगतो.

आणि तो निकाल बऱ्यापैकी बरोबर असू शकतो. असगंधला हलकी, पाण्याचा निचरा होणारी जमीन लागते, रेताड पोयटा, लालसर, मुरमाड उतार, थोडी अल्कलीकडे झुकणारी चालते. नापीक वाटणाऱ्या रानात ती खुश असते. देपालपूरकडची जमीन म्हणजे भारी काळी, पाणी धरून ठेवणारी. पग-पग नीर, पावलोपावली पाणी, म्हणून आपण मालव्याचं कौतुक करतो, त्याच नीरात हे पीक मरतं. सप्टेंबरमध्ये एक जोरदार पाऊस आला आणि दोन-तीन दिवस पाणी तुंबलं तर कोवळी रोपं कोलमडतात, वाचली ती पिवळी पडतात, मुळं सडतात. इंदूरला सरासरी पाऊस नीमच-मंदसौरपेक्षा जास्त पडतो हेही लक्षात घे. पुढची गंमत अशी की हीच काळी जमीन फेब्रुवारीत वाळून दगड होते, भेगा पडतात, मूळ उपटायला गेलीस की निम्मं आत राहतं. ज्याचे पैसे मिळणार तेच जमिनीत! काळ्या रानात अजिबात होत नाही असं नाही, निचरा असला, वाफे उंच केले आणि काढायच्या आधी हलकं पाणी देऊन माती सैल केली तर होतं, पण ते सगळं पाच एकरात पहिल्याच वर्षी कोण करणार, तू शनिवार-रविवारी जाऊन?

म्हणून नानांना पटवायचं सोड. त्यांना एक प्रश्न विचार, टीव्ही बंद असताना, सकाळी चहाच्या वेळी बरं पडेल: "नाना, पाऊस थांबला की आपल्या रानात सगळ्यात आधी वापसा कुठल्या तुकड्यात येतो?" (वापसा म्हणजे पाणी मुरून माती कसण्याजोगी होणं. तिकडे बतर म्हणत असतील, तोच शब्द वापर.) बघ काय होतं. ते तुला नुसता तुकडा सांगणार नाहीत, त्या तुकड्याचा इतिहास सांगतील, तिथे कधी काय लावलं, विहीर खणली तेव्हाची माती तिथे कशी पसरली, सगळं. तो तुकडा जर उतारावरचा, मुरमाड असेल आणि तिथे गहू नीट होत नसेल तर तीच तुझी असगंधची जागा, असलीच तर. आणि सगळ्या १४ बिघ्यांत असा तुकडाच नसेल तर तुझं उत्तर तुला फुकटात मिळालं, दीड लाख वाचले.

बटाट्याचा तुकडा मात्र नको, तो कितीही भुसभुशीत असला तरी. असगंध बटाटा-टोमॅटो-वांगी-मिरचीच्याच कुळातली आहे, वांग्यावर येणारे ते ठिपकेवाले भुंगे हिच्यावरही येतात, मुळांना गाठी करणारे सूत्रकृमीही सामाईक. एकाच कुटुंबाला एकाच खोलीत ठेवायचं नाही, सोपं आहे. लसणाच्या जागी चालेल, पण लसणाला नाना सुपीक रान देत असतील, ते त्यांना सोडवणार नाही.

मग करायचं काय. मी तुझ्या जागी असते तर या वर्षी अर्धा बिघा लावला असता, फार तर एक. (बिघा गावागावात बदलतो म्हणून वरचे सगळे आकडे मी एकरात बोलले, इथे नानांचा बिघा धर.) कुठेतरी सोयाबीन उगवलंच नाहीये, बांधाकडचा तुकडा पडीक आहे, असं काहीतरी असतंच. बी हवं दीड-दोन किलो, आणि ते ताजं हवं, वर्षापेक्षा जुनं बी नीट उगवत नाही, त्यामुळे विकणाऱ्याला वर्ष विचारायचं. वाण मागायचा तर जवाहर असगंध-२० किंवा १३४, दोन्ही मंदसौरच्या कृषी संशोधनातून आलेले, आपल्या भागासाठीच काढलेले. लखनौच्या सीमॅप या सरकारी औषधी वनस्पती संशोधन संस्थेचा पोषिताही चांगला आहे पण आधी घरचं बघावं. बी अगदी बारीक असतं, वांग्याच्या बियांसारखं, वाळू मिसळून पेरायचं नाहीतर एकीकडे ढीग आणि एकीकडे टक्कल. खोल नाही, बोटाच्या पेरापेक्षा वर. पेरायच्या आधी बियाण्याला ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) चोळ, कारण दमट हवेत रोपं मानेतून कोलमडतात. महिनाभरानी विरळणी, दोन ओळींत वीतभर, दोन झाडांत चार बोटं अंतर, आणि ही विरळणी करताना जीव तुटतो, चांगली-चांगली झाडं उपटून टाकावी लागतात, पण दाट ठेवलं तर मुळं सुतळीसारखी होतात.

खत? युरियाची गोणी लांब ठेव. नत्र जास्त झालं की पाला माजतो आणि आपल्याला पाला नकोय. चांगलं कुजलेलं शेणखत नाहीतर कंपोस्ट पुरतं. आणि कंपोस्टची तर इंदूरवाल्यांनी लाज ठेवायला हवी, जगभर ज्याला इंदूर पद्धत म्हणतात ती अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शेतीशास्त्रज्ञानी इथेच बसवली, १९२४ ते १९३१ या काळात, आज जिथे कृषी महाविद्यालय आहे तिथे. आपल्याला त्याचं नाव परदेशी पुस्तकात वाचून कळतं. असो. पाणी एक-दोनदा, हिवाळ्यात मावठा झाला तर तेवढंही नको, तो पाऊस उलट मुळाला चांगला. रोजडे, म्हणजे नीलगायी, हिला फारसं तोंड लावत नाहीत असं तिकडचे शेतकरी सांगतात, मुळाला घोड्यासारखा वास येतो त्यावरूनच नाव पडलंय, ही एक जमेची बाजू.

मजुरीचा कॉलम अजून राहिलाय आणि माझ्या मते खरी मेख तिथेच आहे. पानं वाळायला लागली, फळं लाल झाली की अख्खं झाड मुळासकट उपटायचं. मग मूळ खोडापासून कापायचं, माती झाडायची, केसाळ मुळं काढायची, सात ते दहा सेंटिमीटरचे तुकडे करायचे, उन्हात वाळवायचे, दहा-बारा टक्के ओलावा राहीपर्यंत, हलवत राहायचे, रात्री झाकायचे, अवकाळी आला तर रात्री दोनला उठून झाकायचे. मग निवडायचे. करंगळीएवढं जाड, सरळ, मोडलं की कट्कन आवाज होतो आणि आतून पांढरंशुभ्र, तो पहिला नंबर. त्याहून बारीक दुसरा. बारीक तुकडे, पिवळट, चिवट धागे निघणारं ते शेवटी, आणि पहिल्या आणि शेवटच्या नंबरच्या भावात एवढं अंतर असतं की सरासरी भाव ऐकून हिशोब करणाऱ्याची फजिती होते. उशिरा काढलं तर मूळ चिवट होतं आणि नंबर घसरतो. हे सगळं फेब्रुवारी-मार्चमध्ये, जेव्हा गावात लसूण काढणं आणि गव्हाची कापणी सुरू असते आणि मजूर दुप्पट मजुरी मागतो, मिळाला तर. सोयाबीन-गव्हाला हार्वेस्टर बोलावला की संपलं. नानांच्या वयाला आणि तुमच्या नोकऱ्यांना हे झेपणार आहे का, हे मोजायला अर्धा बिघा पुरेसा आहे. पाच एकरात मोजायला गेलीस तर मोजता-मोजता माल भिजेल.

आणि ऑगस्ट संपायच्या आत एक चक्कर नीमचची. इंदूरहून अडीचशेच्या वर किलोमीटर आहे, सकाळी लवकर निघून संध्याकाळी परत येता येतं, तुझ्या नवऱ्याला गाडी चालवू दे, "तुम्ही दोघं ठरवा" म्हणणाऱ्याला एवढं काम द्यावंच. नीमचची मंडी औषधी मालासाठी देशभर माहीत आहे, असगंध, इसबगोल, कलौंजी, पोत्यांचे ढीग लागलेले असतात. तिथे आढत्याच्या दुकानात बसा, चहा घ्या, ढिगातलं मूळ हातात घेऊन मोडून बघा. विचारा की इंदूरकडचा माल आला तर घेता का, कुठल्या नंबरला काय भाव, आढत किती, पोतं कसं भरायचं. घरी बसून ॲगमार्कनेट या सरकारी वेबसाइटवर मंडीचे भाव दिसतात, त्यात किमान, कमाल आणि मॉडल (ज्या भावानी जास्तीत जास्त माल गेला तो) असे तीन भाव असतात, व्हिडिओवाले कमाल भाव वाचून दाखवतात, तू मॉडल बघ, आणि एका दिवसाचा नाही, मागच्या तीन वर्षांचे फेब्रुवारी ते एप्रिल. तुझ्यासारखीला हे शीट बनवायला एक रविवार लागेल. एखाद्या दिवशी इंदूरमधल्या कस्तूरबाग्रामच्या कृषी विज्ञान केंद्रातही डोकाव, मातीचा नमुना घेऊन जा, आणि औषधी पिकांना सध्या काही अनुदान आहे का ते उद्यानिकी विभागात विचार. अनुदान मिळालं तर मिळालं, ते धरून हिशोब करायचा नाही.

आणखी पत्रं आली होती याच विषयावर, एकानी बडोद्याहून शतावरीबद्दल विचारलंय, त्यांनाही यातलं बरंच लागू आहे. फक्त शतावरीत दीड-दोन वर्षं रान अडकून राहतं आणि ओल्याचं वाळून साधारण दहावा हिस्सा उरतो, तेव्हा तिथे "एकरी अमुक क्विंटल" ऐकलं की आधी ओलं की वाळलेलं ते विचारा. तुमच्याकडे आणंदजवळ बोरियावीला औषधी आणि सुगंधी वनस्पतींची केंद्र सरकारची संशोधन संस्थाच आहे, एजंटाआधी तिथे जा.

त्या माणसाचा फोन येईल, तारीख जवळ आली की रोज येईल. त्याला एवढंच म्हण, "भैया, पिछले साल आपने जिन किसानों का माल उठाया, उनमें से तीन के गाँव बता दो, हम मिल के आते हैं." गावं सांगितली तर खरंच जा, माझं चुकत असेल तर मला कळव, मी इथे जाहीर चूक कबूल करीन. नाही सांगितली तर नंबर ब्लॉक कर, त्यासाठी नानांची परवानगी लागत नाही.

हिशोबाची वही मात्र तुझ्या नावाची असू दे. तुकडा नानांचा, पैसे तुझे, नफा-तोटा कुणाचा हे बी पेरायच्या आधी तोंडावर बोलून घे, घरात ह्या गोष्टी गृहीत धरल्या की पुढे दिवाळीला निघतात. दहा-पंधरा हजारांच्या आत हे सगळं बसायला हवं, तेवढे तुझ्या पगारातून जातील, एफडी बँकेतच राहू दे.

लावलंस तर डिसेंबरपासून दर पंधरा दिवसांनी दोन-दोन झाडं उपटून बघ, मूळ कसं भरतंय ते वरून कधीच कळत नाही. उपटताना नानांना बरोबर ने आणि मोडून बघायला त्यांच्या हातात दे. आणि मला फोटो पाठवशील तेव्हा मुळाशेजारी पट्टी ठेव, नुसत्या फोटोत सगळीच मुळं जाड दिसतात.